पांडवांच्या नावाची नोटीस

खांबेवाडीच्या टेकडीला नोटीस आली.

माणसाला नोटीस येते, दुकानाला येते, फार तर एखाद्या पडक्या भिंतीला येते. पण टेकडीला? तरी आली. लालभडक अक्षरांत, टेकडीच्या बरोबर पोटावर चिकटवलेली. ‘सदर बांधकाम अनधिकृत (परवानगी न घेता केलेले) असल्याचे आढळून आले आहे. बांधणाऱ्याने सात दिवसांत परवाना सादर करावा, अन्यथा बांधकाम पाडण्यात येईल.’ आणि वर नाव कोणाचं, तर ‘श्री. पांडव व इतर चार, मु. पो. खांबेवाडी.’

रुंजी साळोखेने ती नोटीस तीनदा वाचली. पहिल्यांदा तिला हसू आलं, दुसऱ्यांदा काही कळेना, आणि तिसऱ्यांदा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अकरा वर्षांच्या या मुलीचा राग आधी कानांत येतो आणि मग तोंडात, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

ही टेकडी इतर टेकड्यांसारखी नव्हती, हे मात्र खरं. तिच्या एका अंगाला शेकडो दगडी खांब एकमेकांना खेटून उभे होते, पेटीत दाटीवाटीने भरलेल्या पेन्सिलींसारखे. कडा सरळ, उंची दोन-तीन पुरुष. काही खांब मध्येच तुटले होते आणि त्यांची सपाट डोकी बसायला झकास होती. शाळा सुटली की रुंजी आणि तिच्या मैत्रिणी तिथेच असायच्या. त्या खांबांवरूनच गावाला खांबेवाडी हे नाव पडलं होतं. आणि आता कोणीतरी ते सगळं पाडायला निघालं होतं.

नोटीस लावणारा अजून तिथेच उभा होता. तो परिसर-शिस्त खात्याचा मोजणी रोबो. तीन बारीक पाय, उंटासारखी लांब मान आणि टोकाला एकच डोळा, पण पाया शोधायला जमिनीखालचंही बघणारा. गेली चार-पाच वर्षं तो पंचक्रोशीतली प्रत्येक भिंत, प्रत्येक शेड, प्रत्येक ओटा मोजत हिंडत होता, म्हणून लोकांनी त्याचं नाव मोजूराव ठेवलं होतं.

“ए मोजूराव! हे काय चिकटवलंस?”

“नोटीस,” मोजूराव शांतपणे म्हणाला. “ती फाडणे हा गुन्हा आहे.”

“टेकडी कोणी बांधतं का कधी?”

“ही टेकडी नाही, बांधकाम आहे. कडा सरळ आहेत. सरळ कडा निसर्गात नसतात, नियम क्रमांक चौदा. शिवाय बांधणाऱ्याचे नाव नोंदीत आहे.”

“कोणी दिलं तुला नाव?”

मोजूरावाच्या मानेतून खरखर झाली आणि एक जुना आवाज ऐकू आला. आवाज बारीक होता, पण ठसक्यात बोलत होता. “पांडवांनी बांधलंय! एका रात्रीत!” मग मोजूराव आपल्या आवाजात म्हणाला, “माहिती देणारी, रुंजी साळोखे, वय वर्षे सात.”

रुंजीला आठवलं. चार वर्षांपूर्वी हा रोबो पहिल्यांदा गावात आला, तेव्हा सगळी पोरं त्याच्या मागे धावत होती. हे खांब कोणी बांधले, असं त्याने विचारलं आणि सगळ्यांच्या आधी हिने उत्तर दिलं. उत्तरही तिच्या मनाचं नव्हतं. खांबेवाडीत ज्याचा कर्ता कोणाला ठाऊक नाही, ते सगळं पांडवांच्या नावावर जमा होई. ओढ्यातला गोल खड्डा? भीमाने गुडघा टेकला होता. माळावरची शिळा? भीमानेच भिरकावली. तसे हे खांब. पण सात वर्षांच्या पोरीचं बोलणं लिहून घेऊन कोणी टेकडी पाडायला निघेल, हे कोणाच्या डोक्यात येईल?

एवढ्यात सरपंच बाळूकाका चौगुले आले आणि त्यांनी भर घातली. “पोरीनं खरं त्येच सांगितलंय की! पांडवांनीच बांधल्यात खांब. हजारो वर्सांचं काम हाय. कसं पाडतोस बघतोच!”

“बांधकाम असल्याची दुसरी कबुली नोंदवली,” मोजूराव म्हणाला. “हजारो वर्षांपूर्वीचा परवाना सोबत आणावा. सुनावणी पुढच्या बुधवारी, शाळेत.”

बाळूकाका खांब वाचवायला आले होते आणि खांबांनाच अडकवून गेले. रुंजीला त्यांचा राग आला, मोजूरावाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

ती तडक शकूआत्याकडे गेली. शकूआत्या म्हणजे तिच्या बाबांची थोरली बहीण. ती भूशास्त्रज्ञ होती (जमिनीच्या पोटातल्या खडकांचा अभ्यास करणारी). बोगद्यांसाठी खडकात किती खोल छिद्रं पाडायची आणि आत काय सापडेल, हे सांगण्यात तिने तीस वर्षं घालवली होती. गुडघा कुरकुरायला लागला तशी गेल्या दिवाळीत ती गावी परतली. तिच्या खिडक्यांच्या कट्ट्यांवर कुंड्यांऐवजी दगड असत.

रुंजीने सगळं एका दमात सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि चुलीवरच्या पिठल्याकडे बोट दाखवलं.

“आधी हे बघ.”

“आत्या, माझी टेकडी पाडायला निघालेत आणि तू मला पिठलं दाखवतीस?”

“पिठल्यातच उत्तर आहे गं. रटरटतंय ना? बुडबुडा वर येतो, सुटता सुटत नाही आणि मग फट्टकन फुटून अंगावर उडतो. आता हे ताक उकळलं तर असं उडेल?”

“नाही. ताक पातळ असतं. बुडबुडे सहज सुटतात.”

“झालं. जमिनीखाली वितळलेला खडक असतो, त्याला शिलारस म्हणतात. तो बाहेर आला की त्याचा होतो लाव्हारस. काही लाव्हारस पिठल्यासारखा घट्ट, काही ताकासारखा पातळ. घट्ट असेल तर आतले वायू कोंडतात आणि स्फोट होतो. राख उडते, तिच्यावर लाव्हा, त्यावर पुन्हा राख. असे थर चढून उंच टोकदार डोंगर होतो. तो स्तरित ज्वालामुखी (थराथरांचा).”

“माहितीये. पुस्तकात तेच चित्र आहे. पण आपल्याकडे तसला डोंगर कुठाय?”

“थांब की जरा. कधी नुसते भाजलेले, भोकं पडलेले खडे उडतात आणि तोंडाभोवती त्यांचा ढीग साचतो. तो राखशंकू, तसा बुटकाच असतो. लाव्हा पातळ असेल तर तो स्फोट न करता लांबवर वाहत जातो. त्याचा डोंगर इतका पसरट होतो की लांबून जमिनीवर पालथी घातलेली ढाल वाटावी. तो ढाल ज्वालामुखी. आणि चौथा प्रकार असा की त्याला डोंगरच नसतो. शिवण उसवावी तशी जमीन उसवते. कित्येक कोस लांब भेगा पडतात आणि त्यांतून पातळ लाव्हा पुरासारखा बाहेर येतो. तो भेगी उद्रेक.”

“आपल्याकडे?”

“आपल्याकडे तोच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. एक पूर आला, थिजला. त्यावर दुसरा, मग तिसरा. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ना, ते हेच थर. महाराष्ट्राचा बराचसा भाग त्या लाव्हावर बसलाय. तू जन्मापासून ज्वालामुखीच्या कामावर उड्या मारतीयस.”

रुंजी तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग तिचे कान पुन्हा तापले. “मग पुस्तकात एकच टोकदार डोंगर का काढलाय? आपल्या पायाखाली एवढं सगळं आहे आणि आम्हाला कोणी सांगितलंसुद्धा नाही! हा काय न्याय झाला?”

“न्याय नाहीच,” आत्या म्हणाली. तिलाही तो राग पटला होता.

तिने कट्ट्यावरचे दगड एकेक करून रुंजीच्या हातात दिले. शिलारस किंवा लाव्हारस थंड होऊन जो खडक बनतो तो अग्निज खडक. पण त्याचं रूप दोन गोष्टींवर ठरतं, एक म्हणजे रसात काय काय आहे आणि दुसरी म्हणजे तो कुठे आणि किती वेगाने थंड झाला. ठिपक्याठिपक्यांचा गुलाबी दगड होता ग्रॅनाइट. तो जमिनीच्या खोल पोटात लाखो वर्षं सावकाश निवला, म्हणून त्याचे स्फटिक (खनिजांचे नियमित आकाराचे कण) डोळ्यांना दिसण्याइतके वाढले. काळा, बारीक कणांचा होता बसाल्ट, आपला जात्याचा आणि पाट्याचा दगड. तो बाहेर येऊन लवकर निवला, स्फटिकांना वाढायला सवडच मिळाली नाही. एक चकचकीत काळा तुकडा होता ज्वालाकाच. तो इतक्या झटपट थिजला की स्फटिक झालेच नाहीत. आणि एक राखाडी, भोकाभोकांचा होता प्युमिस. आत्याने तो बादलीत टाकला आणि तो चक्क तरंगला. फेसाळलेला लाव्हा तसाच गोठला होता, आत सगळी हवा.

“आणि रस बाहेर न येता भेगेतच गोठला तर?”

“तर डाइक होतो (उभ्या भेगेत थिजलेला पट्टा). आजूबाजूचा खडक झिजून गेला की तो भिंतीसारखा उभा राहतो.”

“म्हणजे मोजूराव त्यालाही अनधिकृत कुंपण म्हणून नोटीस लावणार,” रुंजी फणकारली. “बरं, आणि माझे खांब?”

“आटलेल्या तळ्याचा चिखल पाहिलायस? वाळताना आकसतो आणि भेगा पडून तुकडे तुकडे होतात. तसा लाव्हाचा जाड थर साचला, वरून आणि खालून निवू लागला. निवताना दगड आकसतो. चहूबाजूंनी सारखा ताण पडला की तीन-तीन भेगा एकेका ठिकाणी भेटतात आणि त्यांच्यामध्ये पाच-सहा बाजूंचे तुकडे पडतात. मग थंडावा जसजसा आत जातो, तसतशा भेगाही आत आत जातात. तुकड्यांचे होतात खांब. ते स्तंभाकार बसाल्ट.”

“पण बुधवारी मी हे सांगितलं तर मोजूराव म्हणणार, सरळ कडा निसर्गात नसतात. त्याला दाखवायचं कसं? लाव्हा कुठून आणू?”

“वाण्याकडून,” आत्या म्हणाली. “अर्धा किलो मक्याचं पीठ आण. ते पांढरं, सूप घट्ट करायचं.”

दोघींनी ते पीठ जवळजवळ तेवढ्याच पाण्यात कालवलं, तीन काचेच्या वाडग्यांत जाड थर ओतला आणि वाडगे बल्बखाली ठेवले. आत्याने बजावलं की लाव्हामधून उष्णता जाते आणि पिठातून पाणी जातं, पण आकसणं दोन्हीकडे सारखंच. वाडग्यांना हात मात्र लावायचा नाही. सहा दिवस हात न लावणं हे रुंजीच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. वेळ जावा म्हणून तिने टेकडीवर जाऊन खांबांच्या बाजू मोजल्या. एकशे अठरा खांबांपैकी एकसष्ट सहा बाजूंचे निघाले, चाळीस पाच बाजूंचे, चौदा सात बाजूंचे आणि तीन चार बाजूंचे. दोन खांब तंतोतंत सारखे असे एकदाही सापडले नाहीत.

बुधवारी शाळेचा मोठा वर्ग माणसांनी भरला. खात्याच्या अधिकारी प्रभुणे मॅडम शहरातून आल्या होत्या. शेजारी मोजूराव मान ताठ करून उभा होता. बाळूकाकांनी उठून पांडवांचं जोरदार भाषण केलं. प्रभुणे मॅडमनी जांभई दाबली.

“म्हणजे बांधकाम आहे, हे गावाला मान्य आहे. परवाना नाही. मग उद्या सकाळी...”

“मान्य नाही!” रुंजी उभी राहिली. तिचे कान पेटले होते. “ते नाव मी दिलं होतं. मी सात वर्षांची होते. मला माहीत नव्हतं आणि तरी मी सांगितलं, ही माझी चूक. पण तुम्ही तर मोठं खातं आहात! एवढा डोळा, एवढी मान, आणि एका लहान मुलीच्या बोलण्यावर टेकडी पाडता? कोणी जाऊन बघितलं का? माणसाने बांधले असते, तर सगळे खांब सारखे केले असते. तिथे चार बाजूंचेही आहेत आणि सात बाजूंचेही. चुना नाही, जोड नाही. आणि पाया? मोजूराव, तुला जमिनीखालचं दिसतं ना? सांग, त्या खांबांना पाया आहे?”

मोजूरावाचा डोळा दोनदा मिचकला. “पाया नाही. खांब खालच्या अखंड खडकातून निघतात.”

“मग हे आधी का नाही सांगितलंस?”

“कोणी विचारले नव्हते.”

वर्गात कुजबुज झाली. प्रभुणे मॅडम जरा सावरून बसल्या. “पण सरळ कडा...”

रुंजीने पहिला वाडगा पालथा केला. वाळलेल्या पिठाचा गोळा हाताने फोडला, आणि आत बोटभर उंचीचे पांढरे खांब! पेन्सिलीच्या शिशापेक्षा थोडे जाड, एकमेकांना खेटलेले, कोणी पाच बाजूंचे तर कोणी सहा.

“हे सुरीने कापलं असशील,” मॅडम म्हणाल्या.

अशा वेळी मोठी माणसं नेमकं असंच का बोलतात, कोण जाणे. रुंजीने दात-ओठ खाल्ले आणि दुसरा वाडगा, बंद आणि अख्खा, त्यांच्यापुढे आदळला. “मग हा तुम्हीच फोडा.”

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि फोडला. एक छोटा खांब काढून त्यांनी त्याच्या बाजू मोजल्या, दुसऱ्याच्या मोजल्या. मोजूरावाने मान वाकवून तिसरा वाडगा मागितला आणि तोही फोडला.

“नियम क्रमांक चौदा चुकीचा आहे,” तो म्हणाला. “सरळ कडा निसर्गात असतात. नोटीस रद्द.”

वर्ग टाळ्यांनी दणाणला. बाळूकाकांनी तर फेटाच उडवला. “लाव्ह्यानं बांधल्यात व्हय? बरं बाबा, त्येनं बांधल्यात!” शकूआत्या मागच्या बाकावर डोळे पुसत होती. रुंजी मात्र टाळ्या वाजवत नव्हती.

“मोजूराव, पांडवांच्या नावाने तू अजून किती नोटिसा लावल्यास?”

“या जिल्ह्यात एकूण त्रेचाळीस.”

“आणि त्या जागांचं काय झालं?”

“ही धरून चौतीस शिल्लक आहेत. नऊ ठिकाणी मुदतीत कोणी आले नाही. पाडण्यात आल्या.”

टाळ्या थांबल्या.

“काय होतं तिथे?” रुंजीने विचारलं.

“बांधकाम.”

“बांधकाम नाही! खरंखुरं काय होतं? खांब होते? डाइक होता? की माणसांनीच कोरलेली जुनी लेणी होती?”

मोजूराव पहिल्यांदाच अडखळला. “नोंद नाही. फक्त लांबी, रुंदी आणि बांधणाऱ्याचे नाव.”

रुंजीच्या डोळ्यांतून रागाचं पाणी आलं. कदाचित साडेसहा कोटी वर्षं ऊन-पाऊस सोसून काहीतरी उभं राहिलं होतं, आणि ते काय होतं हे न बघताच एका दुपारी पाडून टाकलं. ते नऊ वेळा झालं होतं, आणि कोणाला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

प्रभुणे मॅडम उठल्या नाहीत. खालच्या मानेने म्हणाल्या, “त्या नऊ कागदांवर सही माझी आहे.” मग त्यांनी विचारलं, “रुंजी, मोजूराव नोंदीसाठी जो अर्ज भरतो, त्यात काय बदलायला हवं?”

“त्यात ‘माहीत नाही’ असा रकाना घाला. मला तेव्हा माहीत नव्हतं, पण तसं सांगायला तुमच्या अर्जात जागाच नव्हती.”

मॅडमनी तिथल्या तिथे आज्ञा दिली. मोजूरावाचा डोळा हिरवा झाला.

“‘माहीत नाही’ नोंदवल्यावर पुढे काय करायचे?” त्याने विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

“जाऊन बघायचं. हात लावून, फोडून, आत डोकावून बघायचं. दगड कसा निवला ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. आत्या शिकवेल तुला.”

“तेहतीस ठिकाणी जावे लागेल.”

“बेचाळीस,” रुंजी म्हणाली.

“त्यातल्या नऊ ठिकाणी आता काहीच नाही.”

“तुकडे पडले असतील ना? तुकड्यांवरून कळेल तिथे काय होतं. तिथेच आधी जायचं.”

शकूआत्या गुडघ्याला हात लावत उठली आणि घरी हातोडा शोधायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आत्या, रुंजी आणि मोजूराव त्या नऊपैकी पहिल्या जागेकडे निघाले.